टेलला किती पोचतं?

रामहरीतात्या कुणाच्या लग्नाला गेले, की अक्षता टाकतात आणि थेट आचाऱ्याला गाठतात. "शेवटच्या पंगतीला जिलबी उरती का?" एवढंच विचारतात. पहिल्या पंगतीचं त्यांना कौतुक नाही. पहिल्या पंगतीला सगळ्यांच्याच पानात सगळं असतं.

सवय नोकरीची आहे. तात्यांनी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं पाटकरी म्हणून काढली. कालव्याची दारं उघडायची, लावायची, कुणाच्या उसाला किती तास पाणी गेलं ते टिपायचं. पगार बेताचा, पण दाराची किल्ली कमरेला असल्यामुळे भलेभले बागाईतदार त्यांना बघून सायकलवरून उतरत. लासुर्ण्याच्या अलीकडे, कालव्यातून फुटलेल्या सतरा नंबर चारीवर पंचवीस-तीस घरांची वस्ती आहे. तात्यांचं घर त्या वस्तीत अगदी शेवटी, चारीचं पाणी जिथं संपतं तिथं. त्या टोकाला सगळे 'टेल' म्हणतात. टेलला राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट जन्मभर पुरते: धरणातून किती सोडलं हे कुणीही सांगतो, आपल्यापर्यंत किती आलं ते आपल्यालाच बघावं लागतं.

त्यामुळे उत्कर्षाने, म्हणजे तात्यांच्या सुनेने, जेव्हा जेवताना सांगितलं की तिला चांगलं नेट लागणार आहे, तेव्हा तात्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

उत्कर्षा आरीवर्क करते. ब्लाउजच्या बाहीवर, पाठीवर आकडीच्या सुईने मणी-जरी भरायची ती कला. तिचा हात इतका सुरेख, की इंदापूरच्या बायका रिक्षा करून ब्लाउज द्यायला येतात. सांगलीच्या एक बाई मोबाईलवरून बायकांना हे काम शिकवण्याचे वर्ग चालवतात. त्यांना शिकवणारी हवी होती. दोघींची नावं ठरली होती, एक फलटणची आणि एक उत्कर्षा. प्रत्येकीने एक तास शिकवून दाखवायचं, उत्कर्षाची पाळी बारा दिवसांनी गुरुवारी दुपारी तीन ते चार. अट एकच. रोज जिथून शिकवणार त्याच घरातून, आणि चित्र अडकता कामा नये. सुई कापडाच्या वर, दोरा खाली. तो टाका नेमका पडतानाच चित्र थिजलं, तर शिकणारीने काय डोळे मिटून शिकायचं?

"न्हाय जमलं तर?" तात्यांनी विचारलं.

"तर इंदापूरला गाळा बघायचा, तात्या. रोज जायाचं, रोज यायचं."

छकुली तीन वर्षांची. सासूबाईंचे, लीलाबाईंचे, गुडघे दुखरे. मुलगा इंद्रजित कारखान्यात पाळीवर. गाळा म्हणजे काय, हे कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती.

"मी बारामतीत जाऊन घेऊन येते की एखादं सिम," उत्कर्षा म्हणाली.

"एखादं?" तात्यांना तो शब्द लागला. या घरात एखादं काही येत नाही. उसाचं बेणं, पाण्याची मोटर, म्हैस, इंद्रजितची बायको, सगळं तात्यांनी पारखून आणलेलं आहे. (शेवटच्या बाबतीत लीलाबाईंचं म्हणणं वेगळं आहे, पण ते असो.) "म्या बगतो," तात्या म्हणाले.

लीलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. "झालं. आता ह्यांचं आवर्तन सुरू."

सोमवारी तात्या सुनेचा फोन पिशवीत घालून बारामतीला गेले. एसटी स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात काउंटरला निकिता नावाची मुलगी होती. माळेगावची, बोलायला चटपटीत.

"बोला आजोबा, कोणता फोन दाखवू?"

"फोन मागनं. आदी कंपन्या किती हायत ते सांग."

निकिताने सांगितल्या. तात्यांनी नावं लक्षात ठेवायचा उपद्व्याप केला नाही. एका घरातल्या जावांसारख्या त्यांनी त्या तिथंच बसवून टाकल्या: थोरली, मधली आणि धाकटी. पुढे वस्तीवरही याच नावांनी त्या ओळखल्या गेल्या, म्हणून आपणही तेच चालवू.

"थोरलीचा अमर्याद प्लॅन आहे," निकिता म्हणाली. "कितीही वापरा."

"आन् ही चांदणी कसली हाय अमर्यादच्या डोक्यावर?"

"ते नियम व अटी, आजोबा. ते कुणी वाचत नाही."

तात्यांनी पिशवीतून भिंग काढलं. मागे चार गिऱ्हाइकं तिष्ठत उभी, एकाला तर नुसती काच बसवून हवी होती, पण तात्यांनी तो मुंगीच्या पायाएवढा मजकूर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला.

"हितं लिवलंय, फाइव्ह-जी फोन पायजे. आन् महिन्याला तीनशे जीबी. मंग मर्यादा हाय की!"

"तीनशे कोण वापरतंय, आजोबा?"

"कोन वापरतंय त्यो सवाल न्हाय. पाटी खोटी हाय." तात्यांनी वहीत टिपून घेतलं. "आन् महिना म्हंजी अठ्ठावीस दिवस?"

"हो."

"बारा महिने?"

निकिताने नकळत कॅल्क्युलेटर ओढला. "तेरा रिचार्ज होतात वर्षाला."

"तेरा! लोकांचा तेरावा घालता व्हय गं?"

मागचा काचवाला हसला. निकितालाही हसू आलं, पण तिने ते गिळलं. मग तिने मधलीचं सांगितलं: रोजचे दीड जीबी, ते संपले की वेग गोगलगायीचा. धाकटीचं सांगितलं: रोजचे दोन जीबी, साधा फोर-जी फोनही चालेल, "पण आजोबा, तिचे टॉवर कमी, कुणी घेत नाही." थोरलीच्या अमर्यादासाठी मात्र हँडसेट बदलावा लागेल. नवा सोळा हजार चारशे नव्व्याण्णवचा. जुना दिलात तर त्याचे बाराशे वजा.

"बाराशे?" तात्यांनी सुनेचा फोन उलटासुलटा केला. "चालतोय की चांगला."

"स्क्रीनला तडा आहे ना."

"तडा कोपऱ्यात हाय. म्हशीचं शिंग मोडलं म्हून दूध आटतं का?"

"आजोबा, म्हशीचं इथं एक्स्चेंज नाही होत."

"झालं असतं तर बाराशेला झालं नसतं." तात्यांनी फोन पिशवीत घातला. मग ज्यासाठी आले होते तो प्रश्न विचारला. "आता ह्ये सांग. टेलला किती पोचतं?"

निकिताला टेल समजावून सांगण्यात दहा मिनिटं गेली. तिने तिन्ही कंपन्यांचे नकाशे संगणकावर उघडून दाखवले. सतरा नंबर चारीची वस्ती तिन्हींत हिरवीगार.

"बघा, सगळीकडे फुल रेंज."

"नकाशात आमची चारीबी बारमाही वाहती, पोरी."

आता मात्र निकिताने आजूबाजूला पाहिलं, मालक चहाला गेल्याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू, आजोबा? आमचं घरही नकाशात हिरवं आहे. आणि फोन आला की वडील गच्चीत पळतात. तुम्ही कुणाचं ऐकू नका. तुमच्या घरात, तुमच्या वेळेला, तिन्ही मोजून बघा. मग या."

एकतीस वर्षांत वरिष्ठांपैकी कुणी तात्यांना इतकं शहाणपणाचं बोललं नव्हतं. त्यांनी निकिताला वडिलांचं नाव विचारलं आणि काहीही न घेता परत आले. उत्कर्षाने पिशवीत आपला जुनाच फोन बघितला आणि पिशवी खुंटीला अडकवली. पिशवी अडकवण्याचे तिचे दोन-तीन प्रकार आहेत. हा त्यातला जड प्रकार होता.

मंगळवारपासून मोजणी सुरू झाली. पद्धत अशी: सांगलीच्या बाईंनी पाठवलेला आरीवर्कचाच एक व्हिडिओ, तो लावायचा आणि मध्ये चकरी किती सेकंद फिरते ते मनगटावरच्या घड्याळात बघायचं. जागा तीन: डांबरी रस्त्यावरचा पूल, वस्तीच्या मधोमध असलेली शाळा, आणि घर. वेळा तीन: सकाळी सहा, दुपारी तीन, सांजचे सात. धाकटीचा फोन शाळेच्या गुरुजींकडे होता, सबंध वस्तीत एकटा. मधलीचा लीलाबाईंच्या भाच्याकडे. थोरली सगळ्यांकडेच होती, पण सगळ्यांच्या फोनच्या काचा फुटक्या, बॅटऱ्या फुगलेल्या. चांगला नवा फाइव्ह-जी हँडसेट वस्तीत एकाच्याच हातात होता, मानसिंगच्या.

मानसिंग आणि तात्यांचं काय होतं ते सांगून टाकलेलं बरं. मानसिंगच्या आज्याची मेंढरं होती, बापाने ती विकून दोन एकर घेतलं, आणि मानसिंगने त्या दोन एकरांत ऊस लावला. उसाला पाणी लागतं. मानसिंगने कालव्यात पाईप टाकला. तात्यांनी पंचनामा केला. मानसिंगने दुसरीकडे टाकला. तात्यांनी दुसरा पंचनामा केला. असे तीन झाले. तिसऱ्या वेळी मानसिंगने साक्षीदारांना चहा पाजून विचारलं होतं, "तात्या, सही कुठं करू? जागा पाठ झालीया आता." तात्या त्याला मानशा म्हणतात. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी मानशाच.

"काय तात्या," ओट्यावर बसलेल्या मानसिंगने फोन पुढे केला, "रिटायर झाला तरी मोजणी सुटंना?"

"तुझा पाईप सुटला का?"

"आता ठिबक हाय आपलं. सरकारी अनुदानाचं." मानसिंग हसला. "घ्या, मोजा. आन् कमी भरलं तर पंचनामा माझ्यावर नगा करू. ह्यो चोर म्या न्हवं."

चार दिवस वस्तीने हा तमाशा बघितला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, एका हातात फोन, दुसऱ्या हाताचं मनगट नाकाशी, पुलावरून शाळेकडे आणि शाळेकडून घराकडे. सारजा, मानसिंगची बायको, लीलाबाईंना म्हणाली, "तात्याबा लगीन जमवत्यात का सिम घेत्यात?" लीलाबाई म्हणाल्या, "लगीन ह्याच्यापेक्षा लौकर जमलं हुतं."

शुक्रवारी सांजचं शेवटचं माप टिपलं आणि निकाल लागला. थोरली पुलावर सुसाट, घरात एकोणीस सेकंद चकरी. मधली घरात आलीच नाही, उंबऱ्याबाहेर थांबली. आणि धाकटी, जिला कुणी विचारत नव्हतं, ती घरात, दुपारी तीनला, एक सेकंदही अडली नाही.

"कळलं का?" तात्या सुनेला समजावत होते. "थोरलीची चारी मोठी, पर दारं किती! अख्खं लासुर्णं तिच्यावर. टेलला यायच्या आत आटती. धाकटीची चारी बारकी, पर वर कुणी पीतच न्हाय. सगळं पाणी आपलं. फोन बदलायचा न्हाय, काय न्हाय. जुन्यातच चालतंय."

उत्कर्षाने स्वतः लावून बघितलं. खरंच होतं. ती मोठ्याने हसली आणि म्हणाली, "तात्या, तुमी लै भारी हाय." सोळा हजार वाचले ते वेगळंच. शनिवारी तात्या बारामतीला जाऊन धाकटीचं सिम घेऊन आले, निकिताला वहीतलं पान दाखवून आले, आणि रविवारी उत्कर्षाने आपल्या मावशीला व्हिडिओवर तासभर टाके शिकवले. मावशीचा टाका चुकला, नेटचा चुकला नाही.

इथं गोष्ट संपली असती. पण माणसाचं एक असतं. त्याने कुणाला काही बरोबर सांगितलं, की ते आणखी दहा जणांना सांगितल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नाही.

रविवारी तात्या देवळापाशी बसले. सोमवारी दूध घालायच्या रांगेत उभे राहिले. मंगळवारी तर एका मयताहून परत येताना, सावडायचं कधी हे ठरत होतं, तिथंही तात्यांनी वही काढली. "एकोणीस सेकंद! आन् धाकटी? शून्य." वस्तीवर तात्यांचं नाव अजून आहे. हा माणूस कुणाच्या पैशाचा मिंधा नव्हता, आणि त्याने लिहिलेलं माप कधी चुकलं नव्हतं, हे ज्यांना त्याने दंड केला तेही मानतात. तात्या म्हणतात म्हणजे मोजून म्हणतात. सगळ्यांच्या फोनमध्ये दुसऱ्या सिमची जागा रिकामी होतीच.

बुधवारी दुपारी तीनला उत्कर्षाने शेवटची तालीम म्हणून मावशीला पुन्हा फोन लावला. मावशी दिसली, तोंड उघडलं, आणि तशीच राहिली. चकरी. मग मावशीचा अर्धा चेहरा. मग चकरी. तात्यांनी घड्याळ बघितलं. सव्वीस सेकंद.

"दोर तुटला असंल कुठंतरी टॉवरचा," तात्या म्हणाले.

"तात्या," उत्कर्षा सावकाश म्हणाली, "तुमी किती जणांना सांगितलं?"

 तात्यांनी टोपी घातली आणि बाहेर पडले. शाळेजवळच्या पहिल्या घरात विचारलं. घेतलं, सोमवारीच घेतलं. दुसऱ्या घरात बापलेकांनी घेतलं. तिसऱ्या घरातला म्हणाला, "तुमचं नाव सांगितलं तर दुकानातल्या पोरीनं सिमकार्ड फुकट दिलं की, तात्या." शेवटी शाळेच्या गुरुजींनी हात जोडले. "तात्या, माझंही आता चालेना. चार वर्षं मी गुपचूप वापरत होतो हो."

तेवीस घरं. तेवीस घरांत धाकटी नांदायला आली होती, आणि तिला आणणारे तात्या स्वतः.

परत थोरलीकडे जावं म्हटलं तर तेही जमेना. उत्कर्षाने जुनं सिम घालून बघितलं. घरात तीच चकरी. थोरलीवर अख्खं लासुर्णं. वस्तीची वीस घरं गेली काय आणि राहिली काय. शिवाय उद्या अट घराचीच होती.

लीलाबाई भाकरी थापत होत्या. "जल्मभर लोकांना सांगितलं, दाराची किल्ली कुणाच्या हातात देऊ नगा," त्या म्हणाल्या. "आन् स्वताच वस्तीभर वाटून आला."

 उत्कर्षा आरीची चौकट पुसत बसली होती. रडत नव्हती, रागावली नव्हती. एकदाच म्हणाली, "गाळ्याचं भाडं किती हाय, त्ये ह्यांना विचारायला सांगितलंय." तात्यांना वाटलं, हिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

गुरुवारी दोन वाजता तात्या निघाले. उपाय त्यांना पहाटेच सुचला होता. नवा नव्हताच. चारीत पाणी कमी असलं की वरची दारं लावायची, टेलचं भिजवून घ्यायचं, मग दारं उघडायची. एकतीस वर्षं हेच केलं होतं. फरक एवढाच, की तेव्हा कमरेला किल्ली होती आणि पाठीशी सरकार. आज दार दुसऱ्याच्या खिशात होतं आणि तात्यांच्या अंगात नुसता सदरा.

पहिली आठ-दहा घरं सोपी गेली. बायाच होत्या. "उत्कर्षासाठी ना? तासभर ना? घ्या, ह्ये केलं बंद." एकीने तर फोनच बंद करून डब्यात घातला. पण वस्तीवरचे गडी कुठं दिसेनात. तात्या शाळेपाशी आले आणि समोरच्या ओट्यावरून आरडाओरडा ऐकू आला.

मानसिंगचा ओटा भरलेला होता. बारा-पंधरा जण. आत टीव्हीला फोन जोडलेला, आणि प्रत्येकाच्या हातात आणखी आपापला. बैलगाडा शर्यत. शेजारच्या तालुक्यात मैदान होतं, वस्तीतली एक जोडी फायनलला पोचली होती आणि फायनल तीन वाजता.

सगळ्या चारीचं पाणी एका ओट्यावर जिरत होतं.

तात्या अंगणात उभे राहिले. घड्याळात पावणेतीन. हुकूम करायची सवय अशी, की तोंड उघडलं आणि "बंद करा रे" एवढं बाहेर पडलंच. कुणी वळूनही बघितलं नाही. एकाने मात्र हात हलवून "सरका तात्या, दिसंना" म्हटलं.

तात्या पुढे झाले, ओट्याची पहिली पायरी चढले. या ओट्यावर ते तीनदा चढले होते आणि तिन्ही वेळा हातात कागद होता.

"मानसिंगराव," ते म्हणाले.

 टीव्हीवर बैल आरोळ्यांत धावत होते, पण माणसं सगळी मागे वळली. मानसिंगने आधी इकडे-तिकडे बघितलं, या नावाचा दुसरा कुणी आलाय का म्हणून.

"कोण, म्या?"

"व्हय. जरा काम हुतं तुमच्याकडं."

"बसा की." मानसिंगने सतरंजी झटकली. "सारजे, च्या टाक. तात्या इनंती करायला आल्यात."

तो शब्द त्याने मुद्दाम चघळून म्हटला. तात्यांनी तो पोटात घातला. बसले नाहीत, वेळ नव्हता. उभ्या उभ्याच सांगितलं: सुनेचा तास तीनला, चित्र अडकलं तर गेलं, आणि चूक आपली, आपणच साऱ्यांना सांगत फिरलो. हे शेवटचं वाक्य त्यांना जड गेलं, पण त्यांनी ते मोजून पुरं केलं.

"आन् आमची फायनल?" मागून एकजण म्हणाला. "आपल्याच वस्तीची जोडी हाय, तात्या."

"ठाऊक हाय मला."

मानसिंग डोकं खाजवत बसला. त्याच्या चेहऱ्यावर गंमत होती, वीस वर्षांची शिल्लक असलेली गंमत. तात्यांना वाटलं, आता हा आपल्याला घड्याळाचा काटा तीनवर जाईपर्यंत इथंच नाचवणार, आणि त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

"तात्या," मानसिंग म्हणाला, "नुसतं बोलायला किती पाणी लागतं?"

"काय?"

"फोनवर. चित्र न्हाय, नुसतं बोलणं. त्याला किती लागतं?"

तात्यांनी विचार केला. "थेंबभर. लागलं तर."

"मंग झालं की." मानसिंगने टीव्हीचा फोन उपसला आणि चित्र विझलं. ओट्यावर बोंब उठली. त्याने हात वर केला. "गप बसा. माजा भाचा मैदानावर हाय. त्याला लावतो. त्यो बगून सांगंल, आपण ऐकायचं. आपल्या बापजाद्यांनी काय टीव्हीवर बगितल्या का शर्यती? चला, ज्याचं त्याचं नेट बंद. दाखवा मला. ए, खिशात काय घालतोस? चालूच हाय त्ये. म्या पाईप लपवायला शिकलो तवा तू जल्मला न्हवतास."

आणि मग जे झालं ते तात्यांनी एकतीस वर्षांत बघितलं नव्हतं. मानसिंगने एकेकाचा फोन हातात घेऊन तपासला. कुणी बंद दाखवून मागे काहीतरी उतरवत होता, कुणी घरातल्या दुसऱ्या फोनवर बायकोला बघायला बसवलं होतं. मानसिंगला सगळं कळत होतं. चोरीची प्रत्येक वाट त्याची स्वतःची तुडवलेली. मग म्हणाला, "शाळंच्या मागची चार घरं ऱ्हायली. तिथं पोरं खेळ खेळत बसत्यात. चला तात्या, तुमाला न्हाय सापडायची."

दोघं निघाले. मानसिंग पुढे, तात्या मागे. ज्या घरापाशी तात्या सरळ दारातून जात, तिथं मानसिंग मागच्या पडवीतून जाई आणि तिथंच कुणीतरी फोन घेऊन पालथं पडलेलं असे. तीनला दोन मिनिटं कमी असताना शेवटचं दार लागलं. तात्यांनी आपल्या खिशातलाही फोन काढून बंद केला. मानसिंगने तोही बघितला. "व्हय, ठीक हाय," म्हणाला.

ओट्यावर भाचा सुरू झाला होता. मानसिंगचा फोन पालथ्या पातेल्यावर ठेवला होता, आवाज मोठा यावा म्हणून. "मामा! सुटल्या! सुटल्या! आपली तिसऱ्या फाटीत हाय... धूळ हाय मामा, काय दिसंना... आली! न्हाय, ती दुसरी..." पंधरा गडी पातेल्याकडे डोळे लावून बसले होते. टीव्हीसमोर कधी बसले नव्हते इतके गप्प. शेवटी जोडी दुसरी आली. कुणी म्हणालं, चित्र असतं तर पहिली आली असती.

तात्यांच्या हातात चहा होता आणि तो त्यांनी तोंडाला लावला नव्हता. त्यांना कळेना, तिकडे घरात काय चाललंय. विचारावं तर फोन बंद, आणि चालू करून विचारायची ही वेळ नव्हे. दार लावून पाणी खाली सोडलं, की पूर्वीही असंच व्हायचं. ते पोचलं का, हे टेलपर्यंत चालत गेल्याशिवाय कळायचं नाही.

चारला पाच कमी असताना ते उठले. घराशी आले आणि खिडकीखाली थांबले. आत उत्कर्षाचा आवाज संथ चालला होता, मध्ये न तुटता. मग एका अनोळखी बाईचा आवाज आला, कुठल्या गावची कोण जाणे. "ताई, खालून दोरा ओढताना बोट कुठं धरलं, परत दाखवा ना." उत्कर्षा म्हणाली, "हे बघा, हितं." आणि क्षणभराने तीच बाई म्हणाली, "हां, दिसलं."

तात्या तिथंच पायरीवर बसले. लीलाबाई छकुलीला कडेवर घेऊन आल्या, नवऱ्याकडे बघून छकुलीलाच म्हणाल्या, "बग गं, आजोबांनी टोपी काढली. लै काम केलं वाटतं आज."

सव्वाचारला उत्कर्षा बाहेर आली. बोटाला दोऱ्याचा वळ, कपाळावर घाम, आणि तोंडभर हसू.

"झालं, तात्या. सांगलीच्या बाई म्हणाल्या, फलटणचीचं चित्र तीनदा थांबलं. तुमचं एकदाबी न्हाय. सोमवारपासनं सुरू करा म्हणाल्या."

"रोज?" तात्यांनी एकदम विचारलं.

"रोज न्हाय हो. सोमवार, बुधवार, शुक्रवार. तीन ते चार." ती थांबली. "किती दिवस म्हणून विचारलं तर म्हणाल्या, चालतंय तवर चालू द्या."

 तात्यांनी बोटांवर मोजलं. आठवड्यातून तीनदा, तेवीस घरं, मागच्या पडव्या वेगळ्या. नेमाने करायचं तर शेजपाळीच लावावी लागणार, कालव्यावर लावतात तशी, कुणी कधी घ्यायचं आणि कधी थांबायचं याची. आणि ती लावताना ओट्यावरच्या त्या माणसाला पहिल्यांदा विचारावं लागणार. आज एकदा राव म्हणून झालं. आता ते मागे घेता येण्यासारखं नव्हतं.

त्यांनी टोपी पुन्हा घातली.

"च्या टाकू का?" उत्कर्षाने विचारलं.

"नगं टाकूस," लीलाबाई आतून म्हणाल्या. "त्यांना आता मानसिंगरावांकडं जायचंय. तितलाच प्यायला सांग. आन् म्हणावं, येताना वहीत बरूबर लिवून आणा, सारजाची शिरेल साडेतीनला असती."